रास्पबेरी पाय पिको: हार्डवेअर थेट रजिस्टरमधून चालवायला शिकायचं असेल तर हा बोर्ड घ्या

ज्यांना लो-लेव्हल प्रोग्रामिंग खरंच मुळापासून शिकायचंय, म्हणजे चिपमधल्या कुठल्या पत्त्यावर, म्हणजे कुठल्या रजिस्टरमध्ये, कुठला बिट एक केला की कुठली पिन वर जाते इथपर्यंत स्वतः पोचायचंय, त्यांना मी डोळे झाकून रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घ्या म्हणून सांगेन. पहिला पिको, आरपी२०४० चिपवाला, जो जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला. आपल्याकडे पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन कुठंही मिळतो, किंमत साधारण चारशेच्या आसपास, थोडी खालीवर. मी पोटापाण्यासाठी वेब बॅकएंडचं काम करतो, हार्डवेअर हा माझा धंदा नाही, त्यामुळे हा रिव्ह्यू शिकणाऱ्याच्या बाजूनं आहे, प्रॉडक्ट बनवणाऱ्यांचे निकष वेगळे असतील.

आपल्याकडे इंजिनिअरिंग केलेल्या बऱ्याच जणांना याची गोडी कॉलेजातच लागलेली असते. ८०८५ प्रोसेसरचं किट, हेक्स कीपॅड, लाल सेव्हन सेगमेंट, ३ई हा मशीन कोड टाकायचा, पुढचा बाइट टाकायचा, ८२५५ या पोर्टच्या चिपच्या कंट्रोल रजिस्टरमध्ये ८० लिहिलं की तिन्ही पोर्ट आउटपुट झाले. आपण टाकलेल्या एका बाइटनं बाहेरची तार हलते हे तिथं दिसायचं, पण प्रॅक्टिकल संपलं, जर्नलवर सही झाली की विषय तिथंच राहायचा. ज्यांनी टर्बो सी वापरलंय त्यांना ३७८ हा पत्तासुद्धा आठवत असेल, प्रिंटर पोर्टला एलईडी लावायचे आणि आउटपोर्टबी या फंक्शननं त्या पत्त्यावर बाइट लिहायचा. आता लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, आणि असता तरी ऑपरेटिंग सिस्टिम साध्या प्रोग्रामला हार्डवेअरला हात लावू देत नाही, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कुठलाही प्रोग्राम कुठल्याही डिस्कवर काहीही लिहील. म्हणून शिकायला अशी चिप हवी जिथं तुमच्या आणि पिनच्या मध्ये कुणीच नाही. पिकोत दोन कॉर्टेक्स एम०+ कोअर आहेत, १३३ मेगाहर्ट्झपर्यंत, २६४ केबी रॅम, बोर्डवर २ एमबी फ्लॅश, ४० पिनांपैकी २६ जीपीआयओ, म्हणजे कोडनं चालवता येणाऱ्या पिना. ऑपरेटिंग सिस्टिम नाही. पॉवर दिली की तुमचा कोड आणि चिप, बस्स.

पण हे आकडे दुसऱ्या बोर्डांकडेही आहेत. पिकोची खरी ताकद आहे डेटाशीट, म्हणजे चिपची अधिकृत माहितीपुस्तिका, आणि मी तर म्हणेन की चारशे रुपये बोर्डाचे देताय पण खरा माल ती फुकटची पीडीएफ आहे. सहाशेच्या वर पानं आहेत, पण ती माणसानं वाचावी म्हणून लिहिलीत. प्रत्येक पेरिफेरलचं (कोअरच्या जोडीला चिपमध्ये असलेल्या भागाचं) आधी काम काय ते साध्या इंग्रजीत, मग आकृती, मग रजिस्टरांची यादी बिट बिट करून, आणि मधेमधे ते सगळं वापरणारा चालू कोड. चिपच्या नावाचा अर्थसुद्धा दिलाय, २ म्हणजे दोन कोअर, पुढचं ० म्हणजे एम०+, ४ हा रॅमच्या आकाराचा लॉगॅरिदम काढून आलेला आकडा, शेवटचं ० म्हणजे चिपच्या आत फ्लॅश नाही. ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय आणि जाड इंग्रजी मॅन्युअल बघून पोटात गोळा येतो त्यांना मुद्दाम सांगतो, वाक्यं छोटी आहेत, चार-पाच चॅप्टर वाचलेत की भाषा अंगवळणी पडते. पहिल्या पानापासून वाचू नका. मेमरी मॅपचं कोष्टक काढा, मग रिसेट्स, मग जीपीआयओ, मग एसआयओ (ज्यातून कोअर पिना थेट चालवतो तो भाग), एवढ्यावर एलईडी पेटतो.

आता तो एलईडी कसा पेटतो ते नीट सांगतो, कारण या बोर्डाचं शिकवणं तिथंच कळतं. पिकोवरचा हिरवा एलईडी जीपीआयओ २५ ला आहे. चिप चालू होते तेव्हा बहुतेक पेरिफेरल रिसेटमध्ये दाबून धरलेले असतात, त्यामुळे पहिलं काम म्हणजे आयओ बँकला, म्हणजे पिना सांभाळणाऱ्या भागाला, मोकळं करणं. रिसेट्सचं रजिस्टर हेक्समध्ये ४०००सी००० ला आहे आणि आयओ बँकचा बिट पाचवा, तो शून्य करायचा. आता इथं एक फार सुंदर सोय आहे, या चिपमध्ये असं प्रत्येक रजिस्टर चार पत्त्यांवर दिसतं, मूळ पत्त्यावर साधं लिहिणं-वाचणं, त्यात हेक्स १००० मिळवले की दिलेले बिट उलटे होतात, २००० मिळवले की एक होतात, ३००० मिळवले की शून्य. म्हणजे आधी वाचा, बिट बदला, परत लिहा ही कसरत नाही, थेट ४०००एफ००० ला २० लिहा, पाचवा बिट शून्य, काम झालं. मग रिसेट डनचा बिट वर येईपर्यंत थांबायचं. मग पिन २५ कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरवायचं, कारण एकच पिन यूआरटी, एसपीआय, पीडब्ल्यूएम अशा पेरिफेरलपैकी कुणाचीही होऊ शकते, रेल्वेचा सांधा बदलावा तसं फंक्शन निवडायचं, ४००१४०सीसी या पत्त्यावर ५ लिहिलं की पिन एसआयओकडे. मग आउटपुट एनेबल. आणि शेवटी डी०००००१सी या पत्त्यावर २ आणि त्यापुढे सहा शून्यं, म्हणजे पंचविसावा बिट, परत परत लिहीत बसायचं, दर वेळी एलईडी उलटा होतो.

असेंब्लीत हे सगळं एका छोट्या स्क्रीनवर मावतं. एम०+ ला जेमतेम ५६ इन्स्ट्रक्शन आहेत, त्यातल्या दहाबारा कळल्या तरी पुरतं. एवढंच, की बत्तीस बिटांचा पत्ता एका इन्स्ट्रक्शनमध्ये बसत नाही, तो कोडच्या शेजारी मेमरीत ठेवून एलडीआर या इन्स्ट्रक्शननं उचलावा लागतो. हे एकदा हातानं केलं की मग सी कंपायलरनं काय केलंय ते ऑब्जडंप या असेंब्ली दाखवणाऱ्या टूलमध्ये बघताना घाबरायला होत नाही.

आणि डिले लूपचं गणितसुद्धा इथं स्वच्छ लागतं. एक वजा करायला एक सायकल, उडी मारून मागे जायला दोन, म्हणजे एका फेरीला तीन. चिप सुरुवातीला आतल्या रिंग ऑसिलेटरवर चालते, साधारण ६ मेगाहर्ट्झ, म्हणजे दहा लाख फेऱ्यांना अर्धा सेकंद. हा ऑसिलेटर तापमान आणि व्होल्टेजप्रमाणे इकडेतिकडे होतो, डेटाशीट ते स्पष्ट सांगतं. मग तुम्ही बोर्डवरचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल चालू करता, क्लॉक त्याच्यावर वळवता, आणि तोच कोड, एक अक्षर न बदलता, एलईडी जवळपास दुप्पट वेगानं लुकलुकायला लागतो. क्लॉक म्हणजे काय हे मला इतकं स्पष्ट कुठल्या लेक्चरनं कधी दाखवलं नव्हतं.

बूट कसं होतं हा दुसरा मोठा धडा. मेन फंक्शनला कोण बोलावतं हा प्रश्न जावा-पायथॉनवाल्यांना कधी पडत नाही, इथं तो पहिल्याच दिवशी समोर येतो. पॉवर आली की चिपमधला १६ केबीचा बूटरॉम चालू होतो, दुसरा कोअर झोपून राहतो, पहिला कोअर बघतो की बूटसेल बटण दाबलंय का. नसेल तर फ्लॅशमधले पहिले २५६ बाइट रॅममध्ये उचलतो, त्यातल्या शेवटच्या चार बाइटमधला सीआरसी, म्हणजे डेटा बरोबर आहे का ते पडताळायचा आकडा, तपासतो, जुळला तर तिकडे उडी. ते २५६ बाइट फ्लॅश वेगानं वाचायची तयारी करतात, मग वेक्टर टेबल, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या पत्त्यांची यादी, त्याचा पहिला शब्द स्टॅक पॉइंटर, दुसरा रिसेट हँडलर. त्या हँडलरनं व्हेरिएबलच्या सुरुवातीच्या किमती फ्लॅशमधून रॅममध्ये न्यायच्या, बाकीची जागा शून्य करायची, आणि मग कुठं मेन. लिंकर स्क्रिप्ट (कोड आणि डेटा मेमरीत कुठं बसवायचा ते सांगणारी फाइल) ही भानगड काय आहे हे इथं समजतं, कारण ती तुम्हालाच लिहायची असते.

सीआरसीचा तो भाग नवख्या माणसाला पहिल्या दिवशी जड जातो हे खरंय, त्यावर एक उपाय सांगतो जो ट्युटोरियलवाले क्वचित सांगतात. प्रोग्राम रॅमसाठी बांधा. रॅमचा पत्ता असलेली यूएफ२ फाइल (पिकोवर प्रोग्राम टाकायचा फाइलचा प्रकार) टाकली तर बूटरॉम ती सरळ रॅममधून चालवतो, २५६ बाइट नाहीत, सीआरसी नाही. पॉवर काढली की प्रोग्राम गेला, पण शिकताना त्यानं काय बिघडतं. लिंकर स्क्रिप्ट आणि वेक्टर टेबल जमलं की मग फ्लॅशकडे जा.

आणि हा बूटरॉम पुसता येत नाही, ही गोष्ट शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखी आहे. तुम्ही कितीही चुकीचा कोड टाका, बूटसेल दाबून यूएसबी लावा, पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्ह दिसतो, त्यात नवीन फाइल टाका, झालं. वेगळा प्रोग्रामर लागत नाही, कोड टाकून बोर्ड कायमचा बंद पाडता येत नाही. फक्त कोडनं म्हणतोय हां, पिनला ५ व्होल्ट दिलेत तर चिप जाईल, सगळं ३.३ व्होल्टचं आहे, अर्डुइनो युनोसाठी घेतलेले जुने ५ व्होल्टचे सेन्सर सरळ जोडू नका.

डीबगिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्या मते दोन पिको घ्यावेत, एक नाही. दुसऱ्यावर रास्पबेरी पायनंच दिलेलं डीबग प्रोबचं फर्मवेअर टाकायचं, पहिल्याच्या कडेला असलेल्या तीन एसडब्ल्यूडी, म्हणजे डीबगिंगच्या, पिनांना जोडायचं, लॅपटॉपवर ओपनओसीडी आणि जीडीबी ही डीबगिंगची सॉफ्टवेअर. तयार डीबग प्रोबही मिळतो, १२ डॉलरचा, पण दुसरा पिको स्वस्त पडतो आणि नंतर दुसऱ्या कामालाही येतो. हे जोडलं की कोअर थांबवता येतो, एकेक इन्स्ट्रक्शन पुढं नेता येते, दर पावलाला रजिस्टर बघता येतात. आणि ज्यांना हा विषय पटवायचा असेल त्यांना मी हे करून दाखवतो: बोर्डवर कुठलाही प्रोग्राम नाही, कोअर थांबवलेला, जीडीबीच्या प्रॉम्प्टवर वर सांगितलेल्या पत्त्यांवर त्याच किमती एकेक करून लिहायच्या. रिसेट सोडला, काही नाही. फंक्शन ५, काही नाही. आउटपुट एनेबल, अजून काही नाही. शेवटचा आकडा लिहून एंटर दाबलं की हिरवा एलईडी लागतो. प्रोग्राम नाहीच, फक्त पत्ता आणि किंमत. हार्डवेअर चालवणं म्हणजे ठराविक पत्त्यावर ठराविक आकडा योग्य क्रमानं लिहिणं, हे त्या एका मिनिटात पक्कं डोक्यात बसतं, मग प्रिंटर असो, नेटवर्क कार्ड असो की ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर लिहिणारी माणसं हेच करतायत हे कळतं. ८०८५ ला त्यासाठी इन-आउट अशा वेगळ्या इन्स्ट्रक्शन आणि २५६ पोर्टांची वेगळी जागा होती, इथं सगळं मेमरीच्याच पत्त्यांत आहे, तेवढाच फरक.

सीमध्ये आलात की व्होलाटाइल हा कीवर्ड का लागतो तेही इथंच समजतं. रजिस्टर वाचत थांबणारा लूप व्होलाटाइलशिवाय लिहून ऑप्टिमायझेशन चालू करा, कंपायलर एकदाच वाचतो आणि मग कायमचा फिरत बसतो, ऑब्जडंप काढून बघा, लोड इन्स्ट्रक्शन लूपच्या बाहेर गेलेली दिसेल. इंटरव्ह्यूला पाठ करून गेलेली व्याख्या आणि हे बघणं यात फार अंतर आहे.

आता पीआयओ, म्हणजे प्रोग्रामेबल आयओ. हे पिकोचं स्वतःचं वैशिष्ट्य आणि नुसतं यासाठीसुद्धा बोर्ड घ्यावा. दोन ब्लॉक, प्रत्येकात चार स्टेट मशीन, प्रत्येक ब्लॉकला ३२ इन्स्ट्रक्शनची जागा, आणि एकूण इन्स्ट्रक्शन फक्त नऊ. ही छोटी मशीनं मुख्य कोअरला न विचारता पिना हलवतात, दर सायकलला एक इन्स्ट्रक्शन, मोजून. डब्ल्यूएस२८१२ हे रंगीत एलईडी घ्या, दिवाळीच्या माळांमध्ये असतात तसले. त्यांना एकाच तारेवरून डेटा जातो, एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, शून्य असेल तर तार थोडाच वेळ वर, एक असेल तर जास्त वेळ. साध्या कोडनं हे करायला गेलात तर मध्येच एखादा इंटरप्ट आला की रंग बिघडतो. पीआयओत हा सगळा प्रोटोकॉल चार इन्स्ट्रक्शनचा आहे, फक्त चार, एका बिटाला दहा सायकल, क्लॉक डिव्हायडर लावून मशीन ८ मेगाहर्ट्झला आणायचं, कोअरनं फक्त रंगांचे आकडे फिफो या रांगेत टाकायचे. स्वस्तातला आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा लॉजिक अॅनालायझर मिळतो तो घ्या, पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरमध्ये ती तार बघा, तुम्ही लिहिलेल्या इन्स्ट्रक्शन स्क्रीनवर रुंद-अरुंद पल्स होऊन दिसतात. लोकांनी याच पीआयओतून मॉनिटरवर ६४० बाय ४८० चा डीव्हीआय व्हिडिओ काढलाय, चिप २५२ मेगाहर्ट्झला पळवून. ४ डॉलरच्या बोर्डवर, ज्याच्यात व्हिडिओचं कुठलंही हार्डवेअर नाही.

तक्रारी आहेतच. रिसेट बटण नाही, रन पिन ग्राउंडला लावून करावं लागतं, शिकताना सारखं लागतं ते. पिनांची नावं बोर्डाच्या खालच्या बाजूला, ब्रेडबोर्डवर बसवला की दिसेनाशी, पिनआउटचा कागद प्रिंट काढून शेजारी ठेवा. यूएसबी अजून मायक्रोच. एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) म्हणायला १२ बिट, पण डेटाशीटच सांगतं की खरी उपयोगी अचूकता ८.७ बिटांच्या आसपास, आणि चार ठिकाणी, ५१२, १५३६, २५६० आणि ३५८४ या आकड्यांपाशी, मोजमापात ठळक उडी आहे, नीट मोजमाप हवं असेल तर वेगळी एडीसी चिप लावा. ही चूक त्यांनी एराटात, म्हणजे चिपच्या माहीत असलेल्या दोषांच्या यादीत, स्वतः छापलीय, ते मला आवडलं. फ्लोटिंग पॉइंट हार्डवेअर नाही, बूटरॉममधली सॉफ्टवेअरची रुटीन्स वापरायची. कोड फ्लॅशमधून १६ केबीच्या कॅशमधून चालतो, त्यामुळे वेळेचं गणित कधीकधी हलतं, नेमकी वेळ पाहिजे तो भाग रॅममध्ये ठेवा. आणि ज्यांना पेजिंग, व्हर्च्युअल मेमरी, स्वतःचा कर्नल असं काही करायचंय त्यांनी हा घेऊ नये, त्यासाठी लागणारं एमएमयू हे हार्डवेअर यात नाही, त्यांचा रस्ता वेगळा.

अधिकृत एसडीके, म्हणजे रास्पबेरी पायनं दिलेल्या तयार कोडच्या संचाबद्दल, माझं मत थोडं वेगळं आहे. तो उत्तम लिहिलाय, पण सुरुवातच सीमेक या बिल्ड टूलपासून होते, आणि शिकणारा माणूस रजिस्टरपर्यंत पोचायच्या आधी बिल्ड सिस्टिममध्ये अडकतो. मी म्हणेन आधी एक असेंब्ली फाइल, एक लिंकर स्क्रिप्ट आणि एक साधी मेकफाइल यावर एलईडी करा, मग एसडीकेचा सोर्स उघडून त्यांनी तेच कसं केलंय ते वाचा. त्या क्रमानं गेलात तर एसडीके हे पुस्तक म्हणूनही वाचता येतं.

दुसऱ्या बोर्डांचं काय? अर्डुइनो युनो रजिस्टर पातळीवर पिकोपेक्षा सोपा आहे हे मान्य करायला हवं, आठ बिटांचा अॅटमेगा३२८पी, डीडीआरबी रजिस्टरचा पाचवा बिट एक, पोर्टबी रजिस्टरचा पाचवा बिट एक, पिन १३ चा एलईडी लागला, दोन ओळी. शाळेतल्या मुलाला शिकवायचं असेल तर तिथून सुरू करा. पण २ केबी रॅममध्ये आणि एका कोअरवर पुढची मजा लवकर संपते, पिकोत दुसरा कोअर उठवायलासुद्धा फिफोमधून ठरलेल्या क्रमानं आकडे पाठवायचे असतात, शून्य, शून्य, एक, मग वेक्टर टेबल, स्टॅक, सुरुवातीचा पत्ता, हे करताना जो आनंद होतो तो युनोवर नाही मिळत. एसटीएम३२ चे निळे बोर्ड नोकरीच्या दृष्टीनं जास्त उपयोगी, पण रेफरन्स मॅन्युअल अकराशेच्या वर पानं, डेटाशीट वेगळं, कोअरचं मॅन्युअल तिसरं, आणि बाजारात नकली चिपवाले बोर्ड इतके की चूक तुमच्या कोडची की चिपची हेच कळत नाही. ते दुसरं पाऊल म्हणून ठेवा.

घेताना मॉडेल बघून घ्या. पिको डब्ल्यू, वायफायवाला, पहिला बोर्ड म्हणून घेऊ नका, कारण त्यावरचा एलईडी जीपीआयओ २५ ला नाहीच, तो वायफाय चिपला जोडलाय, म्हणजे नुसता दिवा लावायला तुम्हाला आधी त्या चिपशी बोलावं लागेल. पिको २ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, ५ डॉलर, ५२० केबी रॅम, आणि आर्म किंवा रिस्क-व्ही यातले कुठलेही कोअर निवडायची सोय, रिस्क-व्ही शिकायचं असेल तर तो जरूर घ्या. पण डेटाशीट हजार पानांच्या पलीकडे गेलंय, वर सांगितलेले पत्ते तिथं बदललेत, पिन वापरायच्या आधी पॅडचा आयसोलेशन बिट काढावा लागतो, आणि सुरुवातीच्या चिपमध्ये पुलडाउन लावलेली इनपुट पिन २.२ व्होल्टच्या आसपास अडकून राहायचा दोष आहे, २०२५ च्या ए४ आवृत्तीत तो दुरुस्त झालाय, तेव्हा दुकानदाराला स्टॉक जुना की नवा ते विचारा. पहिल्यासाठी साधा पिको, सोल्डरिंग येत नसेल तर पिको एच, त्याला पिना लावून येतात, डीबगचा कनेक्टरही असतो. सोबत एक ब्रेडबोर्ड, थोड्या जंपर वायर, आणि मायक्रो यूएसबीची केबल डेटावाली घ्या, घरात पडलेल्या अर्ध्या केबली नुसत्या चार्जिंगच्या निघतात आणि मग ड्राइव्ह दिसत नाही म्हणून लोक बोर्ड परत करायला जातात.